भातावरचा तुडतुडा : नाव एक, किडी अनेक

(शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



भात फुटव्यावर आले, आभाळ भरून राहिले आणि मधूनच ऊन पडू लागले, की गावोगावहून एकच तक्रार येते, "साहेब, तुडतुडा पडलाय. औषध सांगा." मी उलट विचारतो, "कोणता तुडतुडा?" तेव्हा बहुधा उत्तर मिळते, "तुडतुडा म्हणजे तुडतुडा. त्यात कोणता काय?"

आजचे भाषण या एका प्रश्नावरच आहे. जे उडी मारते ते सगळे आपल्या लेखी तुडतुडा. पण कोण पानावर बसतो, कोण बुंध्यात दडतो. कोणी ऑगस्टमध्ये येतो, कोणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. कोणी उभे पीक वाळवतो, तर कोणी भाताला तोंडही लावत नाही. एक तर असा आहे की तो तुडतुडा नसून तुडतुड्याचा वैरी आहे. या सगळ्यांवर एकच औषध मारले तर पैसा जातो, मित्र मरतात आणि खरा चोर शिल्लक राहतो. म्हणून आधी ओळख, मग औषध.

दोन घराणी

माणसाचे जसे कूळ, आडनाव आणि नाव असते, तसेच शास्त्रज्ञांनी किडींचेही लावले आहे. मोठ्या गोतावळ्याला कुळ म्हणतात. कुळात अनेक प्रजाती आणि एकेका प्रजातीत अनेक जाती. किडीच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, आणि दुसरा जातीचा, म्हणजे नावासारखा.

भातावरचे तुडतुडे मुख्यतः दोन घराण्यांतले. पहिले घराणे पानावरच्या तुडतुड्यांचे. आपला हिरवा तुडतुडा यातला. तो पानांवर आणि शेंड्याकडे दिसतो. पाचरीसारखा निमुळता असतो, आणि त्याच्या मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या ओळी असतात. टुंग्रो नावाचा विषाणू रोग पसरवतो तो हा.

दुसरे घराणे बुंध्यावरच्या तुडतुड्यांचे. त्याच्या कुळाचे नाव डेल्फॅसिडी. जगात या कुळाच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. हा तुडतुडा पाण्याच्या वर, चुडाच्या बुडाशी बसून रस शोषतो. याची खूण पक्की आहे. मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला एक मोठी, हलणारी नखी असते, कोंबड्याच्या पायाला मागे असते तशी. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेतले की ती स्पष्ट दिसते. नखी दिसली की समजावे, हा बुंध्यावरचा.

नीलपर्वत आडनावाचा तपकिरी तुडतुडा

बुंध्यावरच्या घराण्यात आपल्याला सर्वात जास्त नडतो तो तपकिरी तुडतुडा. त्याचे शास्त्रीय नाव निलापर्वता लुगेन्स. आडनाव ऐकून आश्चर्य वाटेल, पण हा आपला 'नीलपर्वत'च. डिस्टंट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली हिंदुस्थानातील किडींवरच्या ग्रंथात हे प्रजातीचे नाव दिले. 'लुगेन्स' हे जातीचे नाव त्याहून जुने, स्वीडनच्या स्टॉल यांनी १८५४ साली दिलेले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'शोक करणारा'. शोक करायची पाळी मात्र शेतकऱ्यावर येते.

डिस्टंट यांनी श्रीलंकेतील नमुन्याला 'ग्रीनी' असे वेगळे नाव दिले होते. तो हाच तपकिरी तुडतुडा, हे पुढे तपासणीत ठरले आणि दोन्ही नावे एक झाली. नावे अशी उगाच बदलत नाहीत. दोन किडी वेगळ्या की एकच, हे ठरल्याशिवाय एका देशातला अनुभव दुसऱ्या देशात वापरता येत नाही.

निलापर्वता प्रजातीत डझनभराहून अधिक जाती आहेत. त्या आशियात आहेत, आफ्रिकेत आहेत, अमेरिकेच्या उष्ण भागातही आहेत. या प्रजातीची खूण अशी : मागच्या पावलाच्या पहिल्या पेरावर बाजूला बारीक काटे असतात. जवळच्या दुसऱ्या प्रजातींत ते नसतात. प्रजातीतल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर मात्र नराच्या जननेंद्रियाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ते काम प्रयोगशाळेचे. रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. एकाच जातीत कोणी फिकट असतो, कोणी काळपट.

या डझनभर जातींत आपल्याकडच्या भाताचा मोठा शत्रू एकच, लुगेन्स. एका आडनावाची दहा माणसे गावात असतात, म्हणून एकाच्या चोरीसाठी दहाही जणांना कोणी धरत नाही. इथेही तसेच आहे.

शेजारचा : पांढऱ्या पाठीचा तुडतुडा

हा त्याच कुळातला, पण आडनाव वेगळे, सोगाटेला. पूर्ण नाव सोगाटेला फर्सिफेरा. पाठीवर दोन पंखांच्या मुळाशी मधोमध पांढरा पट्टा असतो. हा तुलनेने लवकर येतो, भात फुटव्यावर असताना. तपकिरी तुडतुडा जोर धरतो तो पुढे, पोटरीपासून दाणे भरेपर्यंत.

सोगाटेलाच्या घरातही व्हायबिक्स आणि कोलोफॉन असे भाऊ आहेत. ते दिसायला अगदी सारखे, पण त्यांचा संसार मुख्यतः गवतावर. ते बांधावर दिसले म्हणून भाताला धोका समजू नये.

हा फरक पुस्तकी नाही. २०२२ साली पंजाब आणि हरियाणात पुष्कळ शेतांत भाताची रोपे खुजी राहिली. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा तो विषाणू रोग निघाला, आणि तो पसरवणारा पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. तपकिरी तुडतुडा पसरवतो ते रोग वेगळे : गवताळ खुजा रोग आणि पाने फाटल्यासारखी दिसणारा खुजा रोग. कोणता तुडतुडा आहे हे कळले, तर कोणत्या रोगावर डोळा ठेवायचा तेही कळते.

बांधावरचे भाऊबंद

पाणथळ बांधावर आणि ओहोळाच्या कडेला भातासारखे दिसणारे एक गवत उगवते. शास्त्रीय भाषेत त्याला लिअर्सिया म्हणतात. निलापर्वता प्रजातीच्या बेकेरी आणि मुइरी या आशियातील दोन जाती भातावर न वाढता या गवतावर वाढतात. भिंगातून त्या तपकिरी तुडतुड्यासारख्याच दिसतात.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. या गवतावर खुद्द लुगेन्ससारखाच दिसणारा तुडतुडाही आढळला. तो भातावर सोडला तर नीट जगत नाही, आणि भातावरचा त्या गवतावर सोडला तर तोही नीट जगत नाही. मग या दोन जाती की एक? ब्रिटनमधील कार्डिफ येथील क्लॅरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात यावर बरेच काम केले. तुडतुड्याचे नर-मादी पोट थरथरवून एकमेकांना साद घालतात. ती साद आपल्या कानाला ऐकू येत नाही, रोपाच्या खोडातून जाते. शास्त्रज्ञांनी ती यंत्राने टिपली. तेव्हा भातावरच्याची साद एका लयीची आणि गवतावरच्याची दुसऱ्या लयीची निघाली. पिंजऱ्यात कोंडले तर त्यांचा संकर होतो, पण निवड करायला मिळाली तर प्रत्येक जण आपल्याच सादेच्या जोडीदाराकडे जातो. रूप एक, पण बोली दोन.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच : बांधावरच्या गवतात तुडतुडे उडाले म्हणून घाबरून बांधावर औषध मारू नका. ते भाताचे नसण्याचा संभव मोठा आहे. शिवाय बांध हे कोळ्यांचे घर असते. गवत विळ्याने कापा, बांध स्वच्छ ठेवा, पण विष ओतू नका.

एकाच जातीतले पोटभेद

"अमुक वाण तुडतुड्याला बळी पडत नाही म्हणून घेतले, तरी पीक बसले." ही तक्रारही खरी असू शकते. त्याचे कारण ऐका.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली आयआर-२६ हे तुडतुडा-प्रतिकारक वाण दिले. त्याला प्रतिकारशक्ती आली होती ती आपल्या भारतातल्या एका भाताकडून. दोन-तीन वर्षे ठीक गेली. मग तुडतुड्याचा असा गट पुढे आला की तो हेही वाण खाऊ लागला. १९७६ साली आयआर-३६ आले. ते अधिक काळ टिकले, पण त्यालाही तोडीस तोड गट निघाला. अशा गटांना जैवप्रकार म्हणतात. दिसायला सगळे सारखे. नखी तीच, काटे तेच. फरक फक्त पचवण्याच्या ताकदीत.

आपल्या भारतातला तुडतुडा तर आणखी चिवट. फिलिपाइन्समध्ये त्याच्यापुढे उभी राहिलेली वाणे आपल्याकडे टिकली नाहीत. मात्र केरळातील पट्टांबीचे पीटीबी-३३ हे भात आपल्या तुडतुड्यालाही दाद देत नाही. म्हणून भारतात नवी वाणे तयार करताना त्याचा पुष्कळ उपयोग केला जातो.

तात्पर्य काय, तर प्रतिकारक वाण जरूर लावा, पण साऱ्या शिवारात वर्षानुवर्षे एकच वाण नको. आणि वाण प्रतिकारक आहे म्हणून शेतात जायचे सोडू नका.

तो वाढतो कसा

मादी चुडाच्या पर्णकोशात, म्हणजे खोडाला वेढलेल्या पानाच्या भागात, चीर पाडून आत अंडी घालते. एक मादी दोनशे ते तीनशे अंडी घालते. आठवड्याभरात पिले निघतात. पाच वेळा कात टाकून दोन-अडीच आठवड्यांत ती मोठी होतात. म्हणजे महिन्याभरात एक पिढी. लावणीपासून कापणीपर्यंत हिशेब करा, एकाचे किती होतील ते.

प्रौढ तुडतुडे दोन तऱ्हेचे असतात, आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे. या दोन जाती नव्हेत, एकाच आईची लेकरे. खायला भरपूर आणि गर्दी कमी असली की आखूड पंखांच्या माद्या जास्त होतात. त्या उडत नाहीत, जागेवर बसून अंडी घालतात. गर्दी झाली, पीक वाळू लागले, की लांब पंखांचे तयार होऊन दुसरीकडे उडतात. किती दूर? १९६७ साली जपानच्या हवामान खात्याच्या जहाजाला मुख्य भूमीपासून सुमारे ५०० किलोमीटरवर भर समुद्रात तुडतुड्यांचे थवे भेटले होते. तेव्हा शेजारच्या खाचरातून आपल्या खाचरात येणे त्याला काय अवघड?

चुडाच्या बुडाशी आखूड पंखांच्या, पोट फुगलेल्या माद्या दिसल्या, तर ती धोक्याची सूचना समजा. पुढची पिढी मोठी येणार.

रस शोषल्याने चूड आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होऊन वाळतो. शेताच्या मध्ये गोल गोल खळी पडतात. लांबून पाहणारा म्हणतो, करपा आला, आणि बुरशीचे औषध मारतो. जवळ जाऊन चूड फाकवून पाहा. बुडाशी तुडतुडे, चिकट द्रव आणि त्यावर काळी बुरशी दिसली तर तो करपा नव्हे. लोंब्या पळंज राहतात, आणि असा पेंढा गुरेही आवडीने खात नाहीत. १९७३-७४ साली केरळच्या कुट्टनाड भागात या किडीने भाताची मोठी नासाडी केली होती.

तुडतुड्यासारखा दिसणारा मित्र

भाताच्या बुंध्यात हिरवट रंगाचा, काळ्या डोक्याचा, तुडतुड्याएवढाच एक ढेकूण लगबगीने पळताना दिसतो. हा मिरिड ढेकूण. तो तुडतुड्याची अंडी आणि लहान पिले शोधून त्यांचा रस पितो. भाताला काही करत नाही. बरेच जण यालाच हिरवा तुडतुडा समजून औषध मारतात. खूण अशी : तुडतुड्याच्या मिशा केसाएवढ्या आखूड, सहज दिसतही नाहीत. मिरिडच्या मिशा लांब आणि ठळक. तुडतुडा टुणकन उडी मारतो, मिरिड धावतो.

चुडात आणि पाण्यावर फिरणारा कोळीही असाच मित्र. तो दिवसभरात कित्येक तुडतुडे फस्त करतो.

औषधाने तुडतुडा वाढतो?

होय, वाढतो. अंडी पर्णकोशाच्या आत सुरक्षित राहतात. वरून मारलेल्या औषधाने कोळी आणि मिरिड मरतात. आठ दिवसांनी अंडी फुटतात, आणि पिलांना खाणारा कोणी उरलेला नसतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या औषधांनी तर उरलेल्या माद्या उलट जास्त अंडी घालतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

इंडोनेशियाने याचा मोठा धडा घेतला. १९८४ साली तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. औषधांवर सरकारी सवलत होती, फवारण्या भरपूर होत्या. लगेच १९८५-८६ मध्ये जावा बेटावर तपकिरी तुडतुड्याचा कहर झाला. तेव्हा १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून ५७ कीटकनाशके भातावर वापरण्यास बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शत्रू-मित्र किडी ओळखण्याचे शिक्षण सुरू केले. ओळख हेच पहिले औषध, हे त्या देशाने नुकसान सोसून शिकले.

तर मग करायचे काय?

१. लावणी दाट करू नका. २० × १५ सें.मी. अंतर ठेवा. दर आठ-दहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा. वारा-ऊन बुडापर्यंत पोचले की तुडतुड्याला तिथे करमत नाही.

२. युरियाचा मारा टाळा. नत्र शिफारशीइतकेच आणि हप्त्यांनी द्या. काळेशार, लुसलुशीत भात डोळ्यांना बरे दिसते, पण तुडतुड्यालाही तेच आवडते.

३. फुटवे आल्यापासून आठवड्यातून एकदा खाचरात उतरा. बांधावरून पाहून कळत नाही. तिरपे चालत २० चूड तपासा. चूड थोडा वाकवून बुडाशी टिचकी मारा. पाण्यावर किंवा खाली धरलेल्या ताटात काय पडते ते मोजा. तुडतुडे वेगळे मोजा, कोळी आणि मिरिड वेगळे मोजा.

४. चुडामागे सरासरी ५ ते १० तुडतुडे झाले तर उपाय करायची वेळ आली असे समजा. कोळी आणि मिरिड भरपूर असतील तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजा.

५. पहिला उपाय फुकटचा. खाचरातले पाणी तीन-चार दिवस काढून टाका. मात्र पीक फुलोऱ्यात असेल तर जमिनीला तडे जाऊ देऊ नका.

६. तरीही संख्या वाढली तरच औषध. पायमेट्रोझिन ५० टक्के दाणेदार, हेक्टरी ३०० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून फवारता येते. घेण्यापूर्वी कृषी विद्यापीठाची चालू शिफारस आणि डब्यावरची माहिती पाहा. इमिडाक्लोप्रिडला तपकिरी तुडतुडा बऱ्याच ठिकाणी सरावला आहे, तेव्हा दुकानदार देईल तेच घेऊ नका. लागोपाठ एकच औषध वापरू नका. दोन-तीन औषधे एकत्र करू नका.

७. फवारा बुंध्यावर पडला पाहिजे. शेंड्यावर मारलेले औषध वाया जाते. तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा.

ओळख पटत नसेल तर

दहा-पंधरा तुडतुडे छोट्या बाटलीत स्पिरिट घालून ठेवा. जमल्यास लहान-मोठे, आखूड आणि लांब पंखांचे असे सगळे घ्या. जात ठरवायला नर लागतो, म्हणून दोन-चारच पकडून भागत नाही. चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख, भाताचे वाण, लावणीला झालेले दिवस आणि मारलेली औषधे लिहा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई स्पिरिटमध्ये पसरते. ही बाटली आपल्या कृषी कार्यालयात द्या. कोकणातील बंधूंना कर्जतचे, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्यांना साकोली किंवा सिंदेवाहीचे संशोधन केंद्र जवळचे आहे.

बंधूंनो, चोर पकडायचा तर त्याचे नाव-गाव, चालचलन माहीत हवे. या हंगामात एक भिंग विकत घ्या. गावात चार जणांत मिळून एक घेतले तरी चालेल. पुढच्या वेळी "साहेब, तुडतुडा पडलाय" असे न सांगता सांगा, "साहेब, तपकिरी आहे, चुडामागे सहा, आखूड पंखांच्या माद्या दिसतात, कोळी कमी आहेत." इतके तुम्ही सांगितलेत, की निम्मा उपाय तिथेच झाला. उरलेला निम्मा आपण मिळून करू.

नमस्कार.